हिरव्या पावडरीचा डबा

ती. आई-बाबांना सा. न.

तुम्ही घेताय त्या हिरव्या पावडरीच्या डब्याच्या लेबलचा फोटो नीट वाचला. गव्हांकुर, शेवग्याचा पाला, स्पिरुलिना (पाण्यात वाढणारे निळे-हिरवे सूक्ष्मजीव). सगळं नैसर्गिक आहे, पण ‘रक्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतं’ हे खरं नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7.35 ते 7.45 एवढ्यातच राहतो. आम्ल वाढलं की श्वास वाढतो आणि फुप्फुसं काही मिनिटांत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. उरलेलं काम किडन्या सावकाश करतात. चमचाभर पावडरीने हे गणित बदलत नाही.

बाबा, तुमची पीएच तपासायची पट्टी पिवळ्याची हिरवी झाली ती लघवीत. पाल्यातल्या सायट्रेटसारख्या क्षारांपासून शरीरात बायकार्बोनेट (आम्ल कमी करणारा पदार्थ) तयार होतं आणि जास्तीचं किडनी बाहेर टाकते. लघवीचा पीएच साधारण 4.5 ते 8 असा खाण्यापिण्याप्रमाणे फिरतच असतो. म्हणजे पट्टीवर दिसतं ते बाहेर गेलेलं. रक्ताचा पीएच होता तिथेच आहे.

आई, तुझी जळजळ पोटातल्या आम्लाची, तिचा रक्ताशी संबंध नाही. त्यासाठी खायचा सोडा रोज घेऊ नकोस. एका चमच्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं, आणि दिवसभरात मिळून 2 ग्रॅमच्या आत राहायचं असतं.

मला खरी काळजी पोटॅशियमची आहे. पाल्याच्या पावडरीत ते भरपूर असतं. बाबांची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन ते शरीरात धरून ठेवते. त्यात घरात लो सोडियम मीठ आलंय, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. वयाने किडनी मंदावली असेल तर तिन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम 5.5 mmol/L च्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. बरेचदा काहीच जाणवत नाही, आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात.

तेव्हा डबा आणि ते मीठ आजपासून बंद. गोळी मात्र मनाने थांबवू नका. या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासा. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्याने आकडा खोटाच वाढलेला येतो. डॉक्टरांकडे जाताना डबाच सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका.

आणि दुधीचा रस काढलात तर आधी तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर अख्खा दुधी फेकून द्या. तो विषारी असतो, जिवावर बेततं.

रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा.

तुमची मुलगी