बँकॉकचं नाव काढलं की हसता काहून?

मा. संपादक साहेब,
सप्रेम जयभीम.

आपल्या पेपरातलं पर्यटनाचं पान मी नेमानं वाचते म्हणून हे लिहितेय. आमच्या भागात बँकॉकचं नाव काढलं की लोक गालात हसतात. खत-बियाण्याच्या कंपन्या टार्गेट पूर्ण केलं की कृषी केंद्रवाल्यांना तिकडची टूर देतात, नुसते पुरुष जातात, अन् आल्यावर पानठेल्यावर काय गोष्टी चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मायचा साठावा वाढदिवस मी बँकॉकला करायचं ठरवलं तेव्हा जिल्ह्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्यानं मला तोंडावर सांगितलं, मॅडम, तिकडं लेडीज नेत नाही, तुम्ही गया करा. मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे.

माझी माय आठवडी बाजारात मिरची, लसूण, सांबार (कोथिंबीर) विकते. सारी जिंदगी बाजारात गेली, पण स्वतःसाठी बाजार करायला ती कधी निघाली नाही. म्हणून म्हटलं वाढदिवसाला तिला मोठ्यात मोठा बाजार दाखवू अन् बुद्धाचं दर्शनही होईल. वर्ध्याहून हावड्याची गाडी धरली, कोलकात्याहून विमान, अडीच तासांत बँकॉक. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या लोकांना व्हिसा माफ केला, तेव्हा जाणं सोपं झालं, तरी निघण्याआधी आता नियम काय आहे ते पाहून घ्यावं. तिथल्या विमानतळावर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, देव एका बाजूला, असुर एका बाजूला, माय तिथंच थांबली अन् लोक मागून ढकलत होते.

शनिवारी चतुचक. हा बाजार भरतो तो मुख्य शनिवार-रविवारीच, १५ हजारांवर दुकानं, २७ भाग अन् प्रत्येकाला नंबर, मधात घड्याळाचा टॉवर, चुकामूक झाली तर टॉवरपाशी या असं आधीच ठरवून ठेवायचं. भाषा येत नाही म्हणून घाबरायचं काम नाही, दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर भाव टाईप करते, तुम्ही त्याच्यावर तुमचा टाका. मायनं असा घासाघीस करून माझ्या पोरीसाठी हत्तीच्या छापाची पँट घेतली, अन् शेवटी त्या बाईनं हात जोडले, मायनंही जोडले.

पण माय खरी रमली ती रस्त्यापलीकडच्या ओ तो को बाजारात. शेतकऱ्यांसाठीची सरकारी संस्था हा बाजार चालवते, डोक्यावर पक्कं छप्पर, फरशी धुतलेली, विकणाऱ्यांत बायाच बाया. तिथं सांबाराच्या जुड्या मुळासकट ठेवलेल्या, मुळं पांढरीफक धुतलेली, कारण थाई लोक मसाला वाटताना मुळंच घालतात. मायनं जुडी उचलली, नाकाशी नेली, मुळं बोटानं चोळून पाहिली अन् म्हणाली, "आपण तोडून फेकतो थे, अन् ह्या बाया त्याचेच पैसे घेते!" मग कितीतरी वेळ ती एकेका दुकानापुढं उभी राहून वाळल्या मिरच्या पाहत होती. आमच्या बाजारात तिनं पावसात डोक्यावर पोतं घेऊन धंदा केलाय, तिला ते छप्पर पाहून काय वाटलं असेल ते मी इथं सांगू शकत नाही.

रविवारी मंदिरं. तिकडं मंदिराला 'वाट' म्हणतात. वाट फो मधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब अन् १५ मीटर उंच आहे, तळपायावर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं. भिंतीच्या बाजूनं १०८ भांडी मांडलेली, लोक त्यात एकेक नाणं टाकत जातात. मायनं शेवटच्या भांड्यापर्यंत टाकलं, अन् मग पायाशी येऊन डोकं टेकवलं. आमच्या गावच्या विहारातली मूर्ती थायलंडहूनच आलेली आहे, ती आणली तेव्हा माय मिरवणुकीत होती. पुढं नावेनं नदी ओलांडून वाट अरुण पाहिलं, चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. १७८२ मध्ये बांधायला सुरुवात झालेला राजवाडाही पाहिला, तिथल्या भिंतींवर त्यांचं रामायण १७८ चित्रांत रंगवलंय. हाफपँटवाल्यांना दारावर अडवत होते, मायच्या लुगड्याला कोणी अडवलं नाही. बाहेर कोणी "राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडं नेतो" म्हणालं तर ऐकू नका, ही तिथली जुनी फसवणूक आहे.

ते बाकीचे धंदे तिथं नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्या दोन दिवसांत आम्ही रात्री फूलबाजारात गेलो तेव्हा बाया झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या, अन् आमच्याकडं वाकड्या नजरेनं कोणीच पाहिलं नाही. वाकडी नजर होती ती गावात, परत आल्यावर.

तर संपादक साहेब, विनंती ही की बँकॉकवर लिहाल तेव्हा रात्रीच्या क्लबचेच फोटो छापू नका. बाजार छापा, वाट फो छापा, म्हातारी माणसं घेऊन कसं जायचं, किती खर्च येतो, शाकाहारी कुठं मिळतं हे लिहा, गावाकडच्या बाया वाचतील. अन् जे आपल्या मायला नेणार आहेत त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्यावं, एप्रिलचं ऊन तिथंही सोसत नाही. कापसाचा वेचा सुरू असतो हे मला कळतं, पण जानेवारीत थोडे दिवस काढता येतात.

आपली,
एक वाचक भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ