बाबांची डांगरी

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा 'बरं, ठेवतो आता' म्हणतात, म्हणून पत्र. मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. मागच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे उतरवायला सोमवारी माणसं येतील आणि मंगळवारी सकाळी दादा तुम्हा दोघांना छातीच्या तपासणीला नेईल. पैसे भरून झालेत. बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

परवा तुम्ही सहज म्हणालात, टाकीच्या पाइपसाठी पत्र्याला भोक पाडतो, ड्रिल आणलंय. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा धड असेतो धोका कमी, पण कापला, फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात ते बसतातच. त्यात तुमची सातपूरची तीस वर्षं बॉयलरवर गेली. जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन, हातांनी सोलायचं, ॲस्बेस्टॉसची दोरी कापायची, तोंडाला फार तर रुमाल. त्याच पगारावर आम्ही दोघं शिकलो, तेव्हा कारखान्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही.

मेसोथेलिओमा म्हणून एक कॅन्सर आहे, बहुतेकदा फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा. फार दुर्मीळ आहे, हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा. पण तो होतो मुख्यतः ॲस्बेस्टॉसमुळे, आणि तंतू आत गेल्यावर वर यायला २० ते ५० वर्षं घेतो. 'मी आयुष्यात बिडी ओढली नाही' हे इथे चालत नाही, त्याचा तंबाखूशी संबंध नाही. धाप लागते, छातीत दुखतं, पाणी होतं. वामनकाकांचं दोनदा पाणी काढलं, टीबीची औषधं चालली, पण ते काम काय करायचे हे कोणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. तुम्ही सांगायचं. डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघायची नाही. ट्रंकेतले कारखान्याचे कागद बरोबर न्या. अशा कामगारांच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. आपल्या ट्रंकेत काय निघतं ते बघू.

आणि आई, 'मला कशाला?' म्हणू नकोस. बाबांची कामावरची डांगरी कोण धुवायचं? आधी अंगणात झटकायचीस, मग दगडावर. अशा कपड्यांच्या धुळीने घरच्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. मी तर बाबांची सायकल वाजली की धावत जाऊन त्याच डांगरीला मिठी मारायचे, खिशातली लिमलेटची गोळी मिळेपर्यंत सोडायचे नाही. म्हणून मीही इथे पुण्यात दाखवून आले. एक्स-रे स्वच्छ आहे, डोळे पुसा.

बाबा, ते जिन्यात मध्येच थांबून 'जरा बाहेर बघतो' म्हणणं मला कळतं हो. वयाचंच असेल. तरी सगळं सांगायचं, आईसमोर लपवायचं नाही.

सोमवारी तुम्ही दोघं दिवसभर आत्याकडे पंचवटीला. पत्रे भिजवून, अखंड उतरवायला सांगितलंय. एकही तुकडा 'असू दे, कामाला येईल' म्हणून कडुनिंबाखाली ठेवायचा नाही. माणसं गेल्यावर आईने केरसुणी घ्यायची नाही. ते ओल्या फडक्याने पुसून देतील. ड्रिल दादाकडे देऊन टाका.

लोणच्याच्या बरण्या आधी स्वयंपाकघरात हलवा. बाबांची आरामखुर्ची होती तिथेच राहील. आई, नवे पत्रे पावसात जास्त वाजतील, तुला झोप लागणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून खालून फॉल्स सीलिंगही करायला सांगितलंय. रंग हिरवा घेतलाय. आवडला नाही तर दादाला बोला, त्यानेच निवडलाय.

मंगळवारी संध्याकाळी मी पोचते आहे. पिठलं-भाकरी कर.

तुमची,
छकुली