चढतंय का उतरतंय?

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला ओव्हर द्यायला अर्धा तास जातो. सगळं रिपोर्ट बुकात लिहिलेलं असतंच की." तुला बस धरायची होती म्हणून मी गप्प बसले. पण ते डोक्यातून जाईना.

2019 च्या ऑगस्टातला कृष्णेचा पूर आठवतो ना? गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "आयर्विन पुलाला पाणी किती?" कुणी 42 फूट म्हणालं की तुझे बाबा लगेच विचारायचे, "चढतंय का उतरतंय? कोयनेतून किती सोडलंय?" 40 ला इशारा, 45 ला धोका हे इथल्या पोरासोरांना पाठ. पण चढत्या 42 ला सामान माळ्यावर टाकायचं आणि उतरत्या 42 ला खराटा शोधायचा. आकडा तोच. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबलेल्यांचं काय झालं ते तू पाहिलंयस.

वॉर्डातही तेच रे. "सहा नंबर, बीपी 100/60" एवढं बुकात असतं. दुपारी ते 130 होतं, लघवीची युरोबॅग सकाळपासून भरलेलीच नाही, माणूस मगाचपासून उगाच चिडचिड करतोय, हे तुझ्या डोक्यात असतं. तू बसमध्ये बसलास की तेही तुझ्याबरोबर निघून जातं.

आता एक सांगते, बाबांनाही धड माहीत नाही. नोकरीचं तिसरं वर्ष, माझी नाइट. संध्याकाळच्या सिस्टरला शेवटची एसटी गाठायची होती. टेबलाशी उभ्या-उभ्याच सह्या केल्या. एका पेशंटचा इन्सुलिनचा रकाना मोकळा दिसला, मी दिलं. सुई काढतेय तोवर त्यांची बायको म्हणाली, "आत्ताच दिलं की वो त्या बाईंनी." तासगावकडची साधी बाई, तिला वाटलं आम्हाला ठाऊकच असणार. डॉक्टरांना लगेच कळवलं. तरी दोन तासांत त्यांना दरदरून घाम, शुगर घसरून 46. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज दिलं आणि रात्रभर तासातासाला बोट टोचत राहिले. सकाळी त्यांनी चहा मागितला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बरीच वर्षं मी त्या सिस्टरलाच दोष देत होते. लिहिलं नाही ही तिची चूक होतीच. पण "रात्रीचं इन्सुलिन गेलं का?" एवढं विचारायला मला काय झालं होतं?

तुम्हाला कॉलेजात एसबीएआर शिकवलं. चार अक्षरं, चार गोष्टी: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून ते दवाखान्यांत आलं म्हणतात. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पण चौथं अक्षर नवी पोरं गिळतात हे मी पाहिलंय. "डॉक्टर, तुम्ही येऊन बघायला हवं," हे म्हणायला जीभ अडखळते. तू म्हण. फोनवर ऑर्डर मिळाली तर डोस परत वाचून दाखव, समोरचा वैतागला तरी.

आणि ओव्हर बेडपाशी दे. सलाईनचा दर, जखमेची ड्रेन नळी, पट्टी दोघांनी डोळ्यांनी बघा. पेशंटला, त्याच्या माणसाला बोलू दे. माझ्या वॉर्डात खरी गोष्ट त्या तासगावच्या बाईलाच माहीत होती. रात्री कोण तळमळत होतं ते वॉर्डातल्या मावशींना आपल्याआधी कळतं, त्यांनाही विचारत जा. इन्चार्ज सिस्टर तोंड वाकडं करतील. करू देत. एक बस चुकली तर दुसरी मिळते.

भडंगाचा डबा शेजारच्या काकांबरोबर पाठवलाय, रूममेटला पण दे. आयर्विनला आज 28 फूट. उतरतंय.

तुझी,
आई