वाचनालयातली व्याख्याने साडेसहानंतर ठेवा

महोदय,
आमच्या भागातल्या वाचनालयात दर महिन्याला स्थानिक इतिहासावर मोफत व्याख्यान होते. गेल्या वेळी विषय होता मिरजेची तंतुवाद्ये. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचले होते, पण जवारी, म्हणजे तारेचा स्वर गुंजता करण्याची कारागिरी, काय असते ते त्या दिवशी कळले. कारागिराने घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने हलकेच घासली, तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तोवर मुका वाटणारा तंबोरा एकदम गुंजू लागला. सगळे खोलीभर स्तब्ध! पुढच्या रांगेतल्या एका मुलीने भोपळ्याला कान लावून पाहिला.

एवढ्या सुंदर कार्यक्रमाला आम्ही मोजून चौदा जण होतो, बहुतेक निवृत्त. वेळ दुपारी चारची. त्या वेळी मुले शाळेत, नोकरदार कामावर, येणार कोण? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' याच सांगलीत रंगवले आणि आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. मग त्याची गोष्ट इथल्या मुलांनी फक्त पाठ्यपुस्तकातच वाचायची का?

व्याख्याने शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ठेवावीत आणि शाळांना आठवडाभर आधी कळवावे, एवढी कळकळीची विनंती. खुर्च्या कमी पडल्या तर सतरंज्या आम्ही वाचक घेऊन येऊ. आपल्या दैनिकानेही 'आजचे कार्यक्रम'मध्ये दोन ओळींची जागा द्यावी.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली