किडनी दुखत नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी किडनी दिन असतो, त्या दिवशी तुमच्या पेपरात चौकट आली होती, त्यात ठळक अक्षरात एकच सल्ला, भरपूर पाणी प्या. ते वाचून लिहायला बसलो. मुतखडावाल्याला ते ठीक आहे, पण ज्याच्या पायावर आधीच सूज आहे, लघवी कमी होतेय, त्याने तांब्यावर तांब्या रिचवला तर दम लागायची वेळ येते. आपल्याकडे किडनी म्हटलं की मुतखडाच आठवतो, कंबरेत कळ आली तर किडनी, नाहीतर सगळं ठणठणीत. आम्ही पण असंच धरून चाललो होतो.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. आमची सौ. आज ६२ वर्षांची, अंगाने किरकोळ, १२ वर्षं बीपीची गोळी चालू. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणायची, चिठ्ठी कोण मागतंय. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा, तर म्हणे दिवसभर ओट्याशी उभी असते म्हणून. सकाळी डोळे सुजलेले, तर म्हणे जागरण झालं. लघवीला फेस यायचा हे तर तिने मला सांगितलंच नाही, तिला वाटायचं संडासात टाकलेल्या फिनेलचा असेल, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की पाणी ओतलं तरी तो फेस लवकर जात नव्हता. दुखत मात्र काहीच नव्हतं, गुडघे सोडून.

खरा घोळ रिपोर्टचा झाला. मागच्या वर्षी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) केलं तर १.३ आलं, शेजारी छापलेली रेंज ०.६ ते १.४, म्हणजे नॉर्मल, कागद फाईलला लावून टाकला. यंदा दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद बघितला, मोबाईलमध्ये तिचं वय आणि स्त्री एवढं टाकून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढला तर ४७! तेच १.३ तिशीतल्या पुरुषाचं असतं तर ७५ च्या आसपास आलं असतं असं ते म्हणाले. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि बारीक, वयस्कर बाईच्या अंगात ते बनतंच कमी, त्यामुळे किडनीचं निम्मं काम गेलं तरी आकडा रेंजमध्ये दिसू शकतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त ६० च्या खाली राहिला की जुनाट आजार धरतात, १५ च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. मग लघवीतून जाणारं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन तपासलं, एसीआर म्हणतात ती टेस्ट, ३० च्या आत पाहिजे ते ३८० निघालं. सकाळची पहिली लघवी द्यायची, ताप असेल तर ती टेस्ट पुढे ढकलायची.

दोन्ही मिळून मला सहाशेच्या आसपास खर्च आला. शुगर किंवा बीपी असेल, घरात कोणाला किडनीचा आजार असेल, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर सूज यायची वाट बघायचीच नाही, वर्षातून एकदा ह्या दोन टेस्ट करायच्या. टाइप २ शुगरवाल्याने तर निदान झालं त्याच महिन्यात. रात्री चारदा उठावं लागणं, अन्नावरची वासना जाणं, अंगाला खाज हे पण होतं, पण त्याला दुसरी कारणं पण असतात, आणि खाज वगैरे सुरू होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. लघवीतून रक्त आलं, किंवा लघवी एकदम कमी होऊन दम लागायला लागला तर मात्र टेस्टची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

सौ.ची दुखण्याची गोळी बंद झाली, बीपीची बदलली, लोणचं-पापड ताटातून गेलं (त्यावरून रोज भांडण). तीन महिन्यांनी परत केलं तर ईजीएफआर ४८, म्हणजे सध्या तरी घसरण थांबलीय.

मी लॅबवाल्याला विचारलं, बाबा रे, पेशंटचं वय आणि स्त्री-पुरुष तुमच्या कागदावर वरतीच लिहिलेलं असतं मग ईजीएफआर का छापत नाही, तर म्हणे कोणी मागत नाही. पुढच्या मार्चमध्ये चौकट छापाल तेव्हा त्या पाण्याच्या जागी या दोन टेस्टची नावं टाका, म्हणजे लोक मागतील.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, बार्शी