पार्किंगमधली घरटी खरवडू नका

संपादक महाशय,

घोडबंदर रोड, ऐरोली, खारघर इथल्या सोसायट्यांत रंगकाम निघाले की पार्किंगच्या स्लॅबखालची भिंगरी पक्ष्यांची घरटी सरसकट खरवडली जातात. हे थांबायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे शिकारीच्या व्याख्येत येते.

हिवाळ्यात तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी इथे वीण करत नाही. ती उत्तरेला परतते. इथे घर बांधते ती लालबुडी भिंगरी. स्लॅबला आडवे चिकटलेले मडके, त्याला बोगद्यासारखे तोंड. जवळून पाहिले तर चोचीने आणलेली चिखलाची एकेक गोळी मण्यासारखी वेगळी दिसते. उबवणीला साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी साडेतीन. म्हणजे रंगकाम फक्त दीड महिना थांबवायचे, तेही स्लॅबच्या तेवढ्याच भागापुरते!

खरी तक्रार विष्ठेची असते. घरट्याखाली दोनेक फुटांवर फूटभर रुंद प्लायची फळी लावा. खेटून लावली तर कावळ्याला आयती बैठक मिळते. अंडी असताना ड्रिल मात्र नको, हादऱ्याने वाळलेली माती सुटते; फळी पाइपला क्लॅम्पने बांधा. स्लॅबला गुळगुळीत ऑइलपेंट देऊ नका, त्यावर चिखल धरत नाही आणि घरटे पिल्लांसकट खाली येते. पंपखोलीत घरटे असेल तर दाराच्या वर वीतभर फट कायम उघडी ठेवा. एक दिवस जरी ती बंद राहिली तरी आत पिल्ले उपाशी मरू शकतात.

– एक पक्षिनिरीक्षक, ठाणे