न्हाणीत पाय घसरला

वकीलताई, नमस्कार.

गेल्या जुलैत तुम्ही इथे गोव्यात, फोंड्याला, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. अंगणवाडीच्या बाया, आम्ही नर्सेस, दोन महिला कॉन्स्टेबल, शाळेतली एक काउन्सेलर, असे मिळून तीसेक जण असू. पाऊस असा कोसळत होता की माईक असूनही मागे काही ऐकू येईना, मग तुम्ही माईक बाजूला ठेवला आणि सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जी नर्स तुमचा हात घट्ट धरून काही न बोलता कदंबा बस पकडायला पळाली ती मी. तेव्हा बोलता आलं नाही म्हणून आता लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारख्या बाकीच्या नर्सेसनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

मी नोकरीला लागले २००७ साली. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आणि लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, ही तारीख तुम्ही बोर्डावर लिहिली आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. म्हणजे माझ्या अख्ख्या नोकरीत एक दिवससुद्धा असा नव्हता की हा कायदा नव्हता. आणि या सगळ्या वर्षांत मी केसपेपरवर काय लिहीत आले, तर "न्हाणीत पाय घसरून पडली". कधी "जिन्यावरून पडली", कधी "दार लागलं". बाई सांगायची तेच लिहायचं, ड्रेसिंग करायचं, टीटी द्यायचा, पुढचा पेशंट. तोंडाच्या डाव्या बाजूला सूज, गळ्यावर ओरखडे, आणि कागदावर न्हाणी. मला दिसत नव्हतं असं नाही हो ताई, दिसत होतं. एकीला तर मी सहा महिन्यांत तीन वेळा तेच वाक्य लिहून दिलं होतं, तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, चौथ्या वेळी ती आली नाही, माहेरी गेली की काय झालं मला कधीच कळलं नाही.

तुम्ही पहिल्याच तासाला एक खोटी केस वाचून दाखवली आणि म्हणालात, आता ही बाई तुमच्यासमोर बसलीय, लिहा. दहा मिनिटं दिलीत. मी लिहिलं, "पतीसोबत किरकोळ वादातून दुखापत झाल्याचे समजते." तुम्ही सगळ्यांचे कागद गोळा केले, लाल पेनने प्रत्येकाच्या कागदावर एकेका शब्दाला गोल केला, माझ्या कागदावर "किरकोळ" ला. आणि विचारलंत, किरकोळ हे कोणी ठरवलं, तिने की तुम्ही? ओरडून नाही, अगदी साधं विचारलंत. मग "वाद" ला पण गोल केलात आणि म्हणालात, वाद दोघांत होतो, मार एकाने मारलेला असतो. तो कागद मी परत मागून घेतला, आजही माझ्या कपाटात आहे.

मग तुम्ही शिकवलंत कसं लिहायचं. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरण चिन्हात. ती कोकणीत म्हणाली "घोवान म्हाका धुकललें" तर तसंच कोकणीत लिहायचं, त्याचं ऑफिसच्या भाषेत "पतीने धक्का दिल्याचे कथन" करायचं नाही. कोणी मारलं, कशाने, कधी, कुठे. माणसाच्या शरीराचं पुढून-मागून रेखाचित्र घ्यायचं, त्यावर प्रत्येक जखमेची जागा दाखवायची, शेजारी लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, रंग जसा दिसतो तसा, पण रंगावरून "दोन दिवसांपूर्वीची" असा अंदाज आपण ठोकायचा नाही. आणि ती न्हाणीच म्हणत राहिली तर तेही लिहायचं, पण खाली एक ओळ, की सांगितलेलं कारण आणि जखमा जुळत नाहीत. तेवढ्या एका ओळीने उद्या कोर्टात फरक पडतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या शेजारची सिस्टर हळूच म्हणाली, हे आपल्याला नर्सिंगला का नाही शिकवलं.

आणि मग तो नियम १७. खरं सांगते, मला वाटलं होतं घरगुती घटना अहवाल, म्हणजे बाईवर काय हिंसा झाली त्याची या कायद्याखालची नोंद, हे संरक्षण अधिकाऱ्याचं काम, म्हणजे या कायद्याखाली बायकांना मदत करायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, नाहीतर पोलिसांचं, आपण पाठवलं की झालं. तुम्ही या कायद्याच्या २००६ च्या नियमांचं पान सगळ्यांच्या हातात दिलंत आणि मला मोठ्याने वाचायला सांगितलंत. अहवाल नाही म्हणून कुठल्याही दवाखान्याने उपचार नाकारायचे नाहीत. आधी अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने फॉर्म १, म्हणजे हाच अहवाल, स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणीच्या रिपोर्टची कॉपी त्या बाईला फुकट द्यायची. फुकट! आम्ही बायकांना कोर्टात अर्ज करून घ्या म्हणून परत पाठवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मधल्या सुट्टीत सगळे पाव आणि पातळ भाजी खात असताना एका कॉन्स्टेबलने तुम्हाला विचारलं, मॅडम बायकोने सही करावी म्हणून नवरा मारतो अशा केसेस आमच्याकडे खूप येतात, सहीवरून एवढं काय? तुम्ही प्लेट खाली ठेवून अर्धा तास त्यावरच बोललात, आणि मला वाटतं त्या दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची मिळून असते, अर्धी-अर्धी, घर त्याच्या एकट्याच्या नावावर दिसत असलं तरी. म्हणून तिच्या सहीशिवाय त्याला घर-जमीन विकता येत नाही. आम्ही सगळ्या इथेच जन्मलो वाढलो, अर्ध्या हिश्श्याचं ऐकून होतो, पण मारामारी आणि ती सही यांचा संबंध कोणी असा जोडून दाखवला नव्हता. तुम्ही म्हणालात, सहीसाठी मागे लागलेत म्हणजे त्या सहीला किंमत आहे, हे तिला सांगा.

लग्नाच्या दुसऱ्या सहीचं पण तेव्हाच कळलं, आपल्याकडे लग्न कायद्याने पूर्ण व्हायला रजिस्ट्रारकडे दोनदा सही लागते ना, त्यातली दुसरी. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, देवळात लग्न लागलं, जेवणावळी झाल्या, आणि दुसरी सही करायला नवरा आलाच नाही, अशा मुली आपल्याकडे किती आहेत. त्यांना सगळे सांगतात की तुझं लग्नच कायद्याने नाही तर तक्रार कसली. तुम्ही कलम २(च) दाखवलंत, लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या बाईलासुद्धा हा कायदा लागतो. मी ते वहीत चौकट करून लिहिलं.

आता जे सांगायचं होतं ते. गाव सांगत नाही, तारीख सांगत नाही, बाकी थोड्या गोष्टी बदलल्यात, पण मुद्दा तोच आहे. गणपतीची चवथ झाल्यावर काही आठवड्यांनी एक बाई ओपीडीला आली, उजवं मनगट सुजलेलं, सोबत सासू. विचारायच्या आत सासूच म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. मी तुमचं ऐकलं. सासूला म्हटलं, मावशी तुम्ही जरा काउंटरवरून केसपेपर घेऊन या, आणि पडदा ओढला. तुम्ही म्हणाला होतात तसं "मारलं का" असं नाही विचारलं, म्हटलं, असं मनगट कधीकधी कोणी पिरगळल्यावर सुजतं, तुझ्याबाबतीत तसं काही झालंय का? आणि गप्प बसले. ताई ते गप्प बसणं किती कठीण आहे, बाहेर लाइन लागलेली, पोरं रडतायत, हात आपोआप बँडेजकडे जातो. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वण, निळसर, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक. म्हणाली, घर विकायचं चाललंय, मी सही करत नाही.

मी सगळं लिहिलं, चित्र काढलं, टेपने मोजलं. डॉक्टर आधी कुरकुरले, आपण कशाला कोर्टाच्या फेऱ्यात पडायचं. मी कलम ४ काढून दाखवलं, चांगल्या हेतूने माहिती दिली तर आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही, आणि नियम १७ चं ते पान पण ठेवलं समोर. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि फॉर्म १ भरायला बसले. आर्थिक हिंसाचाराच्या रकान्यात सहीसाठीचा दबाव आणि काढून घेतलेलं एटीएम कार्ड आलं. हे रकाने आहेत हेच आम्हाला आधी माहीत नव्हतं.

तिला तेव्हा पोलिसात जायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही, कारण हेही तुम्हीच बजावलं होतं, १८ वर्षांखालची मुलगी असेल आणि लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोखाली कळवणं बंधनकारक, तिथे पर्याय नाही, पण अशा घरगुती मारहाणीत पोलिसात जायचं की नाही हा मोठ्या बाईचा निर्णय तिचा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या औषधाच्या पाकिटावर गोळ्यांच्या वेळा लिहितात तसा लिहून दिला. रिपोर्टची कॉपी तिने घरी नेली नाही, बहिणीकडे ठेवली.

जवळजवळ तीन महिन्यांनी तिचा फोन आला. या वेळी ती स्वतः म्हणाली, सिस्टर तो कागद चालेल ना अजून? मी विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगितलं, १९८७ च्या कायद्याने बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हे पण मला तुमच्याकडूनच कळलेलं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज झाला. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत हे कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात तेवढ्यात होईलच असं बायकांना सांगू नका, आशा लावून मग तारखांवर तारखा पडल्या की त्या मागे फिरतात, असं तुम्ही स्पष्ट म्हणाला होतात. मी तिला तसंच सांगितलं, म्हणून ती टिकली असं मला वाटतं. कलम २३ खाली अंतरिम आदेश मिळाला. मारहाण करायची नाही, तिला घराबाहेर काढायचं नाही, आणि घर विकायचं नाही. कलम १९ मध्ये विक्री थांबवता येते हे तिच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे माझ्या सहीवर आता कोर्टाची पण सही.

केस अजून चालू आहे. घरात तणाव आहे, सासू बोलत नाही, सगळं छान झालंय असं मी लिहिणार नाही. पण मार थांबलाय. मागच्या आठवड्यात धाकट्याला लसीकरणाला घेऊन आली, एकटी, आणि माझ्या टेबलावर पिशवीतून अळूची पानं काढून ठेवली.

ताई, त्या दोन दिवसांबद्दल तुमचे आभार कसे मानू. तुम्ही आमच्यावर दया दाखवली नाही आणि आम्हाला वकीलही बनवायला गेला नाहीत, आमच्या हातात जो पेन आधीपासून होता तो नीट धरायला शिकवलात. रेखाचित्राच्या पन्नास झेरॉक्स काढून मी ड्रेसिंग रूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात, आमच्या नवीन दोन सिस्टर्सना मीच शिकवलं.

एक मागणं आहे. पुढचं ट्रेनिंग ठेवाल तेव्हा केसपेपर काढणारा क्लार्क आणि आमच्या वॉर्डातल्या आयांना पण बोलवा, कारण बाई आधी त्यांच्याशी बोलते, आमच्यापर्यंत येईस्तोवर तिची न्हाणी ठरलेली असते. पेडण्याकडच्या, सत्तरीतल्या सिस्टर्स पण विचारतायत, त्यांना फोंड्याला दोन दिवस येणं जमत नाही. हॉल मी बघते, पंचायतीकडे शब्द टाकलाय. पाव-भाजी आमच्याकडून. तुम्ही फक्त तारीख कळवा, आणि लाल पेन आणा.

तुमची,
खिडकीकडची सिस्टर